पाळकसाहेब, तुम्ही जेवलात का?

आमच्या चर्चच्या कमिटीत परवा पाळकांच्या साप्ताहिक सुट्टीचा विषय निघाला आणि एक ज्येष्ठ सभासद सहज बोलून गेले की पाळकांना कसली सुट्टी, आठवड्यातून एकच तर दिवस काम असतं. दोघं-तिघं हसले, विषय पुढच्या मिटिंगवर ढकलला गेला. ते काका मनाने वाईट नाहीत, चर्चसाठी त्यांनी पुष्कळ केलंय, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना म्हणून आज लिहायला बसले. मी पाळकाची मुलगी आहे आणि आता आमच्या कमिटीची खजिनदार आहे, त्यामुळे पाळकाचं घर मी आतून बघितलंय आणि पाळकांच्या पगाराच्या चेकवर सही करताना खात्यात किती शिल्लक असते तेही मला ठाऊक आहे. जे सेवेत आहेत त्यांच्यासाठी हे लिहितेय, म्हणजे पाळक, प्रचारक, बायबल वुमन (बायकांमध्ये वचन सांगायचं काम करणाऱ्या), संडे स्कूल चालवणाऱ्या मुली, फुकटात पेटी वाजवणारी पोरं, सगळेच. आणि थोडं आपल्यासारख्या बाकावर बसणाऱ्यांसाठी पण.

आधी त्या एका दिवसाचं सांगते. सकाळी नाशिक शहरातली उपासना, ती झाली की व्हरांड्यात लोक घेरतात, कुणाला बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलंय म्हणून तीन रविवार नावं वाचायची असतात, कुणी तक्रार सांगतं की मागच्या वेळी माझ्या आईचं नाव प्रार्थनेत घेतलं नाही. मग घरी जाऊन दोन घास खायचे की नाही तोवर दुचाकी काढून दिंडोरीकडच्या वस्तीवर, आणि सध्या तर कुंभमेळ्याच्या कामांमुळे रस्ते असे खोदून ठेवलेत की पंचवटीतून बाहेर पडता पडताच जीव मेटाकुटीला येतो. तिथे कुणाच्या तरी ओसरीवर उपासना, नंतर आजाऱ्याकडे प्रार्थना, नंतर एका घरातला भावाभावांचा वाद. अंधार पडायच्या आत परत, कारण संध्याकाळी तरुण संघ. हा झाला तो एक दिवस. बाकीचे सहा म्हणजे सिव्हिलमध्ये ॲडमिट असलेल्यांच्या भेटी, १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे लग्नाची रजिस्टरं लिहायची, त्याच्या नकला पाठवायच्या, दारू पिऊन भांडलेल्या पोराला सोडवायला रात्री पोलीस स्टेशनला जायचं, आणि मयत. मयत वेळ बघून येत नाही. २०२१ च्या एप्रिल-मे मध्ये नाशिकमध्ये काय दिवस होते ते ज्यांनी बघितलं त्यांना सांगायला नको. घरचे लोक लांब उभे असायचे आणि पाळक पीपीई किट घालून कबरीच्या कडेला प्रार्थना करायचे, पुन्हा दुपारी दुसरी, पुन्हा तिसरी. त्या काळात जे पाळक राबले त्यांच्यातल्या कुणालाही नंतर कुणी बसवून विचारलं नाही की बाबा रे, तू कसा आहेस. मला वाटतं अनेकांच्या अंगात तो थकवा अजून मुरलेला आहे.

आणि चहा! ही गोष्ट किरकोळ वाटेल पण लिहितेच. गृहभेटीला पाळक आले की चहा झालाच पाहिजे, आणि पाळकांसाठी म्हणून साखर जरा जास्त, सोबत खारी, नाहीतर फरसाण. नाही म्हटलं तर घरच्यांना राग, शेजारच्यांकडे घेतला आणि आमच्याकडे नाही म्हणून. गेल्या पावसाळ्यात आमचे पाळक एका संध्याकाळी घरी आले, बायबलमधलं वचन वाचलं, प्रार्थना केली, मी ट्रे घेऊन आले तर हळूच म्हणाले, ताई, चहा नको, थोडा भात असेल तर द्या. सकाळपासून घरोघर फिरत होते, प्रत्येक घरात चहा मिळाला होता, जेवलात का असं मात्र एकाही घरात कुणी विचारलं नव्हतं. मी वरण गरम केलं, लिंबाचं लोणचं वाढलं, आणि जेवता जेवता त्यांनी सांगितलं की तीन महिन्यांची साखर तपासली ती वाढलेली निघालीये आणि डॉक्टरांनी गोळी सुरू केलीये. वय चाळिशीच्या आतलं. घरी अजून बोलले नव्हते, म्हणाले, बायकोला टेन्शन येईल. मी पाळकांना मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या सभासदांपैकी, सगळ्यांच्या आजारासाठी नावं घेऊन प्रार्थना करताना ऐकत आलेय, ही शुगरची, ही बीपीची, ह्यांचं बायपास. पण त्यांच्या स्वतःच्या साखरेसाठी प्रार्थना करणारं कुणीच नव्हतं, कारण कुणाला माहीतच नव्हतं.

मला जे म्हणायचंय ते इतकंच आहे की पाळकालाही पाळक लागतो. आपल्याकडे ती सोयच नाही. कॅथलिक फादरांना निदान दरवर्षी रिट्रीट, म्हणजे एकांतात प्रार्थनेचे काही दिवस असतात, पॅरिशमध्ये बऱ्याचदा दुसरे एखादे फादर सोबत असतात. आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये एक माणूस, त्याची बायको, दोन मुलं आणि तीन-चार गावं. वर बिशप असतात खरे, पण बिशप म्हणजे बदली करणारे पण तेच, त्यामुळे मनातलं त्यांच्याजवळ बोलायची हिंमत किती जणांना होईल? आणि मंडळीतल्या लोकांजवळ बोलावं तर दुसऱ्या दिवशी अख्ख्या शरणपूर रोडला समजतं.

माझे पप्पा मनमाड-येवला पट्ट्यात सेवेत होते. तेव्हाही पगार कमीच होता, आणि महिना उलटून गेला तरी यायचा नाही, सायकलवर फिरायचे, आमच्या शाळा बदलायच्या. तेव्हाचं सगळं सोनं होतं असं मी म्हणणार नाही. पण एक फरक नक्की आहे, तेव्हा पाळकाची तुलना फार तर आधीच्या पाळकाशी व्हायची. आता रविवारी पाळकांचा संदेश, म्हणजे प्रवचन, चालू असतानाच पुढच्या बाकावरचा मुलगा मोबाईलवर दुसऱ्याच कुणाचा संदेश बघत असतो, लाईट, धूर, मोठा बँड, लाखात व्ह्यूज. आणि संध्याकाळी कुणीतरी पाळकांना तीच लिंक पाठवतं, खाली लिहितं, साहेब, असं काहीतरी आपल्याकडे पण करा ना. ज्याने पाठवलं त्याच्या मनात वाईट काही नसतं. पण ज्याला मिळतं तो रात्री अकरा वाजता ते बघत बसतो आणि स्वतःला विचारतो की मग मी काय करतोय.

ह्यावर माझं मत पक्कं आहे. मागे ऐन काढणीच्या तोंडावर अवकाळी झाला आणि निफाडकडच्या बागांमध्ये द्राक्षमणी तडकले तेव्हा आमच्या पाळकांनी त्या रविवारी ठरवलेला विषय बाजूला ठेवला, कारण समोर बसलेल्यांपैकी कुणाच्या बागेवर किती कर्ज आहे हे त्यांना माहीत होतं. कुणाला सोसायटीची नोटीस आलीये, कुणाची मुलगी लग्नाची आहे, कुणी आठवडाभर झोपलेलं नाही. त्या दिवशीचा संदेश वक्तृत्वाच्या स्पर्धेत पहिला आला नसता. पण उपासना संपल्यावर एक शेतकरी दादा तसेच बसून राहिले, पाळक जाऊन शेजारी बसले, आणि बराच वेळ दोघंही काही बोलले नाहीत. हैदराबादहून किंवा अमेरिकेहून बोलणाऱ्या माणसाला हे कसं करता येईल? त्याला तुमच्या बागेचा गट नंबरही माहीत नाही आणि तुमच्या आईचं नावही. तेव्हा सेवेतल्या तरुणांनो, व्ह्यूज मोजू नका. तुमच्या समोरचे साठ-सत्तर लोक तुम्हाला नावाने माहीत आहेत, त्यांच्या घराच्या पायऱ्या तुम्ही चढला आहात, तुमचं काम तिथे आहे. चॅनल काढायचं असेल तर खुशाल काढा, घरात पडून असलेल्या आजी-आजोबांसाठी उपासना लाईव्ह करणं चांगलंच आहे, पण त्यावरून स्वतःचं माप काढू नका.

तरुण कमी झालेत हेही खरं आहे आणि त्याचं खापर नेहमी पाळकावर फुटतं. अहो, पोरं हिंजवडीला गेली, मुंबईला गेली, काही जणी नर्सिंग करून आखातात गेल्या. सातपूर-अंबडच्या कंपन्यांमध्ये शिफ्ट असते, रविवारी पण ड्युटी लागते. आपली संख्याच मुळात किती, २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक एक टक्क्याहून जरा कमीच भरले, साधारण पावणेअकरा लाख, त्यात वसईपासून नागपूरपर्यंत सगळे आले. एवढ्याशा समाजात एका मंडळीतून दहा तरुण बाहेरगावी गेले की चर्च रिकामं दिसायला लागतं. पाळकाने त्यांना पुण्यात फोन करावा, कुठल्या चर्चला जातोस विचारावं, वाढदिवसाला प्रार्थना करावी, आमचे करतात. गेलेली मुलं म्हणजे हातातून सुटलेली मुलं असं धरून चालू नका.

आता एक अवघड विषय. गावाकडे प्रार्थनासभा घ्यायची म्हटलं की हल्ली मनात धास्ती असते. कोण येऊन व्हिडिओ काढेल, कोण काय आरोप करेल, सांगता येत नाही. सुरगाणा-पेठकडे काम करणाऱ्या एका प्रचारकांनी मला सांगितलं की वर्षानुवर्षं ज्या घरात भाकरी खाल्ली त्या घरातले लोक पण आता दार अर्धंच उघडतात, त्यांनाही गावात राहायचंय ना. हे ऐकून मला फार वाईट वाटलं. घटनेच्या २५ व्या कलमाने धर्म मानायचा, आचरायचा, सांगायचा हक्क सगळ्यांनाच दिलाय, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य सांभाळून, आणि तो हक्क जसा शेजाऱ्याचा तसाच आपलाही आहे. पण नुसतं कलम तोंडावर फेकून शेजार टिकत नाही. जे अनुभवी लोक अजून शांतपणे काम करतायत त्यांच्याकडून मी बघितलंय ते असं, की ते लपूनछपून काही करत नाहीत, सरपंच आणि पोलीस पाटील यांच्याशी त्यांचं उघड जाणं-येणं असतं, गावात कुणाकडे मयत झालं तर ते सगळ्यात आधी जातात, कुणालाही पैशाचं किंवा नोकरीचं आमिष दाखवत नाहीत आणि दुसऱ्याच्या देवाबद्दल वाकडा शब्द काढत नाहीत. हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्यातलेच काही जण माईकवर जे बोलतात त्याची किंमत आडबाजूच्या गावातला एकटा प्रचारक मोजतो. नाशिकरोडला बाल येशूच्या यात्रेला फेब्रुवारीत जी गर्दी होते त्यात ख्रिस्ती नसलेले किती जण असतात ते जाऊन बघा, मेणबत्ती लावतात, रांगेत तासन्‌तास उभे राहतात, कुणी कुणाला विचारत नाही तू कोण. हे नाशिक पण खरंच आहे, रोजच्या बातम्यांमध्ये ते दिसत नाही एवढंच. ज्यांना भीती वाटते त्यांनी ती लपवू नये असं मला वाटतं. एकट्याने जाऊ नका, दोघं जा, घरी सांगून जा. भीती वाटली म्हणजे विश्वास कमी पडला असं कुणी म्हणालं तर त्याला सांगा की प्रेषित पौलाला सुद्धा जीव वाचवायला दिमिष्कात (दमास्कसमध्ये) टोपलीत बसवून भिंतीवरून खाली सोडलं होतं.

पैशाचं बोलते, ते माझं खातंच आहे. आमच्याकडे कापणीच्या सणाला लिलाव होतो, लोक कांद्याच्या गोण्या आणतात, द्राक्षाच्या पेट्या, नारळ, कोंबड्या, घरचे लाडू, आणि एकेक नारळ बोली चढत चढत हजारावर जातो, सगळे हसत असतात, माझ्या वर्षातला तो सगळ्यात आवडता दिवस. त्या दिवशी जमलेल्या पैशाचं काय करायचं यावर मात्र दर वर्षी तीच ओढाताण, नवीन साऊंड सिस्टीम, गेटला रंग, फरशी. मी एकच धरून बसते, आधी पाळकांचा आणि प्रचारकांचा राहिलेला पगार, त्यांचा मेडिक्लेम, मग रंग. मजुराची मजुरी रात्रभर ठेवू नका असं बायबलमधल्या लेवीयात लिहिलंय आणि आपण त्याच पुस्तकावरून उपदेश करणाऱ्याची मजुरी दोन-दोन महिने ठेवतो. बोलायला बरं वाटत नाही पण अनेक मंडळ्यांत हे होतं. वरून जमिनींचे वाद. मिशनच्या काळातल्या जागा, ट्रस्टींमधली भांडणं, धर्मादाय आयुक्तांकडच्या तारखा, आणि त्यात दोन्ही गट पाळकाला विचारतात, साहेब तुम्ही कुणाच्या बाजूने. वचन सांगायला आलेला माणूस फायली घेऊन कोर्टाच्या बाकावर बसतो. मी इथे पाळकांना एक सांगते, कृपा करून पैशाला स्वतः हात लावू नका, एक रुपयाही नको. पावती, दोघांच्या सह्या, दर महिन्याला हिशोब बोर्डावर. तुमच्यावर उद्या कुणी बोट दाखवलं तर तुमच्या बाजूने कागद बोलला पाहिजे.

पाळकाच्या बायकोबद्दल न लिहिता हे पूर्ण होणार नाही. तिला पगार नाही, पद नाही, पण महिला मंडळ तिनेच चालवायचं, पाहुण्यांचं जेवण तिनेच करायचं, साडी जरा चांगली नेसली तरी बोलणं आणि साधी नेसली तरी बोलणं. माझी मम्मी दर बदलीला नवीन गावात आधी पाणी किती वाजता येतं ते शोधायची आणि मग कोण कुणाशी बोलत नाही ते. मैत्रीण कुणालाच करायची नाही हा नियम तिने स्वतःला लावून घेतला होता, कारण एकीशी जवळीक केली की दुसरी रुसते. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांनी आत्मचरित्र लिहून ठेवलं म्हणून आपल्याला समजलं की नारायण वामन टिळकांसारख्या मोठ्या कवी-सेवकाचा संसार ओढताना त्या बाईने काय काय सोसलं. घरात आलेलं सगळं नवरा देऊन टाकायचा आणि उद्याची चूल कशी पेटवायची ते हिने बघायचं. १८९५ ला टिळकांचा बाप्तिस्मा झाला आणि काही वर्षं दोघं वेगळीच राहिली, पुढे १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतः विचार करून बाप्तिस्मा घेतला. त्यांनी लिहिलं म्हणून ते कळलं, पण ज्या शेकडो पाळकीणबाईंनी काहीच लिहिलं नाही त्यांचं कोण वाचणार? आपल्या मंडळीतल्या पाळकीणबाईंना एकदा पिक्चरला घेऊन जा, गंगेवर, म्हणजे आपल्या गोदाकाठी, भाजी घ्यायला सोबत जा, आणि त्या वेळात चर्चचा विषयच काढू नका.

सेवेतल्यांना माझ्याकडून वचन सांगायला मी कोण, पण जी गोष्ट पप्पांना धरून ठेवायची ती सांगते. जुन्या करारातला संदेष्टा एलीया. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय झाला आणि ईजबेल राणीच्या एका निरोपाने तो माणूस पळाला, रानात रतामाच्या झुडपाखाली बसला आणि देवाला म्हणाला की आता पुरे, माझा जीव घे. १ राजे १९ काढून नीट वाचा. देवाने त्याला रागावलं नाही, लगेच नवीन कामही सांगितलं नाही. त्याला झोपू दिलं, मग देवदूताने उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, तो खाऊन पुन्हा झोपला, पुन्हा उठवून खायला दिलं, म्हणे तुला अजून लांब चालायचंय. बोलणं सगळं नंतर, होरेब डोंगरावर. पप्पा म्हणायचे देवाला माहीत होतं हा माणूस आधी उपाशी आहे आणि थकलेला आहे. आणि तिथे गेल्यावर एलीया म्हणतो मी एकटाच उरलोय, तर देव त्याला सांगतो की बाबा, अजून सात हजार आहेत. शिवाय अलीशाला सोबत दिला.

तसंच मोशेचं. सासरा इथ्रो भेटायला येतो, जावई सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे सोडवत बसलाय हे बघतो आणि सरळ सांगतो की तू करतोस ते बरोबर नाही, तूही झिजशील आणि लोकही झिजतील, माणसं नेम आणि कामं वाटून दे. मला हे फार आवडतं की हे शहाणपण मोशेला सिनाय डोंगरावर मिळालं नाही, घरच्या म्हाताऱ्या माणसाकडून मिळालं, आणि त्याने ते ऐकलं. आपल्या मंडळीत रिटायर झालेले शिक्षक आहेत, बँकेतून निवृत्त झालेले लोक आहेत, रेल्वेतले आहेत. दाखले लिहायला, रजिस्टर ठेवायला, दवाखान्यात भेटी द्यायला ते चालणार नाहीत का? चालतील, पण त्यासाठी पाळकाने थोडं सोडायला हवं, आणि लोकांनीही पाळकांऐवजी वडील मंडळींपैकी (चर्चच्या जबाबदार सभासदांना आपण वडील म्हणतो) कुणी प्रार्थनेला आलं तर तोंड वाकडं करायला नको. आणि पौल तर शेवटच्या दिवसांत तुरुंगातून आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला लिहितो की त्रोवसला कार्पाकडे माझा झगा राहिलाय तो येताना आण, पुस्तकं आण, हिवाळ्याच्या आत ये. देमास सोडून गेला, लूकच तेवढा जवळ आहे असंही लिहितो. ज्या माणसाने अर्धं जग पालथं घातलं त्याला थंडी वाजत होती आणि माणूस हवा होता, आणि ते मागायला त्याला लाज वाटली नाही.

म्हणून मागा. थेट मागा. नाशिकमध्ये वेगवेगळ्या मंडळ्यांचे तीन-चार पाळक आता महिन्यातून एका सकाळी एकत्र बसतात, हे मला आमच्या पाळकांमुळे कळलं, काही नाव नाही, बॅनर नाही, फोटो टाकायचे नाहीत असं ठरलंय. एकजण सीएनआयचा (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा), एक मेथडिस्ट, एक स्वतंत्र मंडळीचा. बायबल वाचतात, मिसळ खातात, आणि ज्याच्या मनात जे असेल ते बोलतात, तिथलं बाहेर जात नाही. एकाच्या मंडळीचे लोक दुसऱ्याने पळवले यावरून ज्यांची आधी तोंडं फिरलेली होती तेच आता एकमेकांच्या मुलांच्या ॲडमिशनला धावतात. तुमच्या भागात असं काही नसेल तर एका माणसापासून सुरू करा. आणि झोप येत नसेल, कशातच मन लागत नसेल, मरणाचे विचार येत असतील तर कृपया डॉक्टरकडे जा, सरकारची टेलि-मानस हेल्पलाईन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. उपवास-प्रार्थना करा पण गोळी लिहून दिली तर तीही घ्या. शुगरची गोळी घेताना आपण विश्वास कमी पडला म्हणत नाही ना.

आणि एक आपल्या गावचीच गोष्ट, जी आमच्या संडे स्कूलमध्ये मी मुलांना सांगते. हे शरणपूर १८५४ साली चर्च मिशनरी सोसायटीच्या लोकांनी वसवलं. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे आणली जायची, त्यांना लिहा-वाचायला शिकवायचे, सुतारकाम, लोहारकाम शिकवायचे. त्या मुलांना इंग्रजी वाचायला शिकवणाऱ्या शिक्षकांची नावं आज कुणाला माहीत आहेत? त्यांना रोज काय वाटत असेल, पोरं घरादाराच्या आठवणीने रडणारी, भाषा वेगळी, काही आजारी. त्यातलाच एक जेकब वेनराइट. पुढे १८७३ मध्ये मध्य आफ्रिकेत प्रसिद्ध मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन वारले तेव्हा त्यांच्या सोबतच्या माणसांनी त्यांचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं आणि प्रेतविधी वाचला तो या जेकबने, झाडावर नाव कोरलं तेही त्यानेच. मग शेकडो मैल चालत त्यांनी तो देह समुद्रापर्यंत नेला, आणि १८७४ च्या एप्रिलमध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा शवपेटीला धरणाऱ्यांत जेकब होता. नंतर १८७५ ला नाशिकहून गेलेल्या मुक्त आफ्रिकन लोकांनीच केनियातल्या मोंबासाजवळ फ्रेरेटाऊन ही सोडवलेल्या गुलामांची वस्ती उभी करायला हात लावला. ज्या शिक्षकाने शरणपूरच्या एखाद्या खोलीत त्या पोराला अक्षरं गिरवायला लावली त्याच्या वार्षिक रिपोर्टात यातलं काहीही नसणार. तुमच्या संडे स्कूलमध्ये आज सहाच मुलं आली असतील आणि त्यातली दोन भांडत असतील, तरी शिकवा.

शेवटी त्यांच्यासाठी लिहिते ज्यांनी सेवा सोडली. असे लोक आहेत आणि आपण त्यांच्याबद्दल कुजबुजतो, टिकला नाही, काहीतरी लफडं असेल. माझ्या ओळखीतल्या एकाने पाच-सहा वर्षांपूर्वी राजीनामा दिला, आता अंबडला एका कंपनीत स्टोअर सांभाळतो, वेळेवर पगार, मुलगी इंजिनिअरिंगला. बरेच महिने तो कुठल्याच चर्चला गेला नाही, कारण कुठेही गेलं की लोक विचारायचे, काय पाळकसाहेब, आता कुठे. एका रविवारी आमच्याकडे आला, मागच्या बाकावर बसला, आणि आमच्या पाळकांनी त्याला पुढे बोलावलं नाही, प्रार्थना करायला लावली नाही, ओळख करून दिली नाही. नंतर बाहेर फक्त म्हणाले, सलाम दादा, बरं वाटलं. आता तो नेमाने येतो. अजून काहीच करत नाही, नुसता बसतो आणि गाणी म्हणतो, आणि कमिटीत जेव्हा कुणी म्हटलं की त्याला काहीतरी जबाबदारी देऊया तेव्हा मी म्हटलं, राहू द्या, त्याचं त्याला वाटेल तेव्हा सांगेल. सुट्टीचा ठराव पुढच्या मिटिंगला पुन्हा येतोय, सोमवार पूर्ण सुट्टी, फोन दोन वडिलांकडे, मयत सोडून बाकी सगळं मंगळवारी. तुमच्या मंडळीत असं काही आधीच चालू असेल तर कसं बसवलंत ते मला कळवा, मला मिटिंगमध्ये मांडायला उपयोगी पडेल.